वाचकांचे प्रश्न : आभासी नेटवर्कची मांडणी निवडताना

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या कंपनीत चार सर्व्हरवर ओपनस्टॅक (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने अनेक संगणक, म्हणजे आभासी यंत्रे, चालवणारी प्रणाली) उभारायचे ठरले आहे, पुढे ही संख्या बारापर्यंत जाईल. नेटवर्कसाठी ओव्हीएन (आभासी नेटवर्क घडवणारे सॉफ्टवेअर) निवडले आहे. त्याचे नियंत्रण एकाच सर्व्हरवर ठेवावे, चारही सर्व्हरवर पसरावे, की त्यासाठी वेगळी यंत्रे घ्यावीत? (एक वाचक, अंधेरी पूर्व)

उत्तर : मांडणी ठरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे, असा माझा आग्रह आहे : रात्री दोन वाजता कोणता सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहिले पाहिजे आणि तो दुरुस्त करायला कोण येणार आहे? अनेक ठिकाणी सुविधांची यादी पाहून मांडणी निवडली जाते आणि ती सांभाळणारा माणूस एकच असतो. अशा मांडणीचा पहिल्या बिघाडातच बोजवारा उडतो.

ओव्हीएनमध्ये नॉर्थबाउंड आणि साउथबाउंड असे दोन डेटाबेस असतात. नेटवर्क कसे हवे ते पहिल्यात नोंदले जाते. नॉर्थडी नावाचा प्रोग्रॅम त्याचे तपशीलवार नियमांत रूपांतर करून ते दुसऱ्यात लिहितो आणि प्रत्येक सर्व्हरवरचा ओव्हीएन कंट्रोलर तेथून नियम घेऊन ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचमध्ये बसवतो. त्यामुळे डेटाबेस काही काळ बंद पडले, तरी चालू असलेल्या आभासी यंत्रांची आपसातील वाहतूक थांबत नाही. मात्र नवे यंत्र जोडता येत नाही आणि कोणताही बदल सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. हा फरक व्यवस्थापनाला आधीच समजावून सांगावा, कारण नियंत्रणाच्या सुरक्षिततेवर किती खर्च करायचा ते यावरूनच ठरते.

दोन्ही डेटाबेस राफ्ट पद्धतीने, म्हणजे एकसारख्या प्रती ठेवून, अनेक सर्व्हरवर चालवता येतात. ही सोय 2018 पासून आहे. राफ्टमध्ये प्रत्येक नोंदीला सदस्य सर्व्हरांचे बहुमत लागते. तीन सदस्यांत बहुमत दोनांचे, म्हणून एक सदस्य गेला तरी काम चालते. चार सदस्यांत बहुमत तीनांचे, म्हणजे तेथेही एकच बिघाड सोसतो आणि प्रत्येक नोंदीचा भार मात्र वाढतो. म्हणून आपल्या चारपैकी तीनच सर्व्हरवर डेटाबेस ठेवावेत आणि चौथा केवळ आभासी यंत्रांसाठी राखावा. वेगळी यंत्रे सध्या घेऊ नयेत. बारा सर्व्हरचा टप्पा जवळ आला की नियंत्रणाचे तीन सर्व्हर मोकळे करावेत. तोपर्यंत या तिघांवर नियंत्रणापुरती मेमरी राखून ठेवावी आणि डेटाबेसच्या फायली स्वतंत्र एसएसडीवर ठेवाव्यात. राफ्टची नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय मान्य होत नाही, त्यामुळे आभासी यंत्रांच्या डिस्कची वर्दळ आणि डेटाबेस एकाच ठिकाणी असले की संपूर्ण नियंत्रण रेंगाळते.

याच कारणाने पुढे एक त्रास हमखास होतो. राफ्टमधील सदस्य आपल्यातून एक प्रमुख निवडतात आणि त्याची खूण ठरावीक मुदतीत आली नाही तर नवी निवडणूक घेतात. ही मुदत मुळात 1 सेकंद असते. साउथबाउंड डेटाबेस मोठा झाला की प्रमुख सदस्य कामात गुंतून वेळेवर खूण पाठवू शकत नाही, इतर सदस्य त्याला मृत समजतात आणि पुन्हा पुन्हा निवडणुका होऊ लागतात. मुदत 10 सेकंदांपर्यंत वाढवली की हे बहुधा थांबते. पण ती एका वेळी दुपटीपेक्षा जास्त वाढवता येत नाही, म्हणून 1, 2, 4, 8 आणि मग 10 असे टप्पे घ्यावे लागतात. हा बदल वर्दळ सुरू होण्याआधी, पहिल्याच दिवशी करून ठेवावा.

बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट हा दुसरा निर्णय. ओव्हीएनमध्ये काही सर्व्हर गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याची दारे, म्हणून नेमता येतात. ते बीएफडीद्वारे (जोडणी जिवंत आहे का ते सतत तपासणारी पद्धत) एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि एक पडला की प्राधान्यक्रमाने दुसरा काम घेतो. याउलट फ्लोटिंग आयपी (बाहेरून पोहोचता येणारा पत्ता) असलेल्या यंत्रांची वाहतूक प्रत्येक सर्व्हरवरून थेट बाहेर सोडता येते. ही दुसरी पद्धत वेगवान खरी, पण त्यासाठी बाहेरचे व्हीलॅन (स्विचवर वेगळे काढलेले नेटवर्क) प्रत्येक सर्व्हरपर्यंत न्यावे लागते आणि मग बिघाड शोधताना बारा ठिकाणी पाहावे लागते. आपल्या आकाराला नियंत्रणाच्याच तीन सर्व्हरना गेटवे नेमणे पुरेसे आहे.

डीपीडीके (पॅकेट वेगाने हाताळणारी सोय) सध्या घेऊ नका. त्यात काही प्रोसेसर कोर पॅकेटची वाट पाहण्यातच सतत पूर्ण जुंपलेले राहतात. चार सर्व्हरच्या संस्थेला ते परवडत नाही.

आता एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराविषयी थोडे सविस्तर, कारण सर्वांत जास्त वेळ यातच वाया जातो. ओव्हीएन पॅकेटवर जिनीव्ह या पद्धतीचे वेष्टन चढवते आणि आयपीव्ही4 वर ते 58 बाइटचे असते. तुमच्या स्विचचा एमटीयू 1500 असेल, तर आतील आभासी यंत्राला 1442 चाच एमटीयू मिळाला पाहिजे. आत 1500 हवा असेल, तर सर्व्हरांना जोडणाऱ्या नेटवर्कचा एमटीयू किमान 1558 हवा. स्विच परवानगी देत असेल तर सरळ 9000 ठेवावा. यात गफलत झाली की लक्षणे फसवी असतात : साधे पिंग चालते, लॉगिनचा प्रश्न पडद्यावर येतो आणि मोठी फाइल किंवा जड वेबपान मागितले की सगळे तसेच अडकून राहते. म्हणून एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे, तुकडे करण्यास मनाई करून, 1530 बाइटचा पिंग पाठवून पाहावा. त्यात 28 बाइटची शीर्षके मिळवली की बरोबर 1558 होतात. उत्तर आले नाही, तर दोष ओव्हीएनमध्ये शोधू नये. प्रत्येक स्विचचे पोर्ट तपासावे.

प्रश्न : आमचे अर्धे सर्व्हर अंधेरीत आणि अर्धे ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. दोन्हीकडे मिळून एकच ओव्हीएन क्लस्टर करावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : करू नये. अडचण अंतराची नाही. प्रकाशाला फायबरमधून किलोमीटरमागे सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा वळणे घेत गेलेली 40 किलोमीटरची केबल धरली तरी जाऊन येऊन अर्धा मिलिसेकंदसुद्धा होत नाही. अडचण बहुमताची आहे. तीन सदस्यांपैकी दोन अंधेरीत आणि एक ऐरोलीत ठेवला आणि अंधेरी बंद पडली, तर ऐरोलीचा एकटा सदस्य काहीही बदल करू शकणार नाही. उलटे ठेवले तर अंधेरी अडते. दोन जागांत कसेही वाटले तरी एक जागा नेहमी दुसरीवर अवलंबून राहते. हा प्रश्न तिसऱ्या स्वतंत्र जागेशिवाय सुटत नाही.

आणि मुंबईत एक संपूर्ण जागा बंद पडणे ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरे पाण्याखाली गेली. दरवर्षी एवढे होत नसले, तरी तळमजल्यावरचा जनरेटर आणि रस्त्याच्या खोदकामात तुटणारी केबल या नेहमीच्या चिंता आहेत. दोन जागांमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नये; दोन्ही केबल एकाच चरातून गेलेल्या असू शकतात. एक मुलुंड-ऐरोली पुलाकडून आणि दुसरी वाशीच्या खाडीवरून येते का, हे नकाशासह लेखी मागावे.

माझा सल्ला असा की दोन्ही ठिकाणी स्वतंत्र, तीन सदस्यांचा ओव्हीएन ठेवावा आणि त्यांना ओव्हीएनच्याच इंटरकनेक्ट सुविधेने किंवा साध्या राउटिंगने जोडावे. मग जोडणी तुटली तरी प्रत्येक जागा आपला कारभार स्वतः चालवते. एकाच सबनेटमधील (पत्त्यांच्या गटातील) यंत्रे दोन्हीकडे हवीत, असा आग्रह बहुधा एखाद्या जुन्या अॅप्लिकेशनमुळे धरला जातो. त्यासाठी संपूर्ण नेटवर्क ताणण्यापेक्षा ते अॅप्लिकेशन दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत 8 जीबी मेमरीचे जुने संगणक आहेत. विद्यार्थ्यांना यावर काय शिकवता येईल? काही सहकारी टंगस्टन फॅब्रिक हे आभासी नेटवर्कचे सॉफ्टवेअर सुचवतात. (एक प्राध्यापक, माटुंगा)

उत्तर : टंगस्टन फॅब्रिक आता नको. 2013 मध्ये ओपनकॉन्ट्रेल म्हणून खुला झालेला आणि 2018 मध्ये हे नाव मिळालेला तो प्रकल्प आता बंद झाला आहे. ओव्हीएन एकाच संगणकावर, ओपनस्टॅकशिवाय चालते. नेटवर्क नेमस्पेसनाच (लिनक्समधील वेगळ्या नेटवर्क-कप्प्यांना) आभासी यंत्रे मानले की 8 जीबी पुरतात. ओव्हीएन ट्रेस हे साधन पॅकेट कोणत्या नियमावर पोहोचून टाकले गेले ते ओळीओळीने दाखवते. विद्यार्थ्यांकडून एक प्रवेशनियम मुद्दाम चुकीचा लिहून घ्यावा आणि तो याच साधनाने शोधायला सांगावे.

प्रश्न : ओव्हीएन 22.03 वरून 24.03 वर जाताना आधी काय अद्ययावत करावे? (एक वाचक, वाशी)

उत्तर : दोन्ही आवृत्त्या दीर्घकालीन पाठबळाच्या आहेत, ही निवड योग्य आहे. स्वाभाविकपणे आधी मध्यवर्ती डेटाबेस बदलावासा वाटतो, पण शिफारस उलट आहे. आधी प्रत्येक सर्व्हरवरील ओव्हीएन कंट्रोलर एकेक करून बदलावेत, नंतर डेटाबेस आणि नॉर्थडी. नवा कंट्रोलर जुने नियम समजू शकतो. नव्या नॉर्थडीने लिहिलेले नियम जुन्या कंट्रोलरला कळतीलच असे नाही. डेटाबेसच्या सदस्यांपैकी प्रमुख सर्वांत शेवटी घ्यावा आणि प्रत्येक सदस्य पुन्हा क्लस्टरमध्ये सामील झाल्याची खात्री करूनच पुढच्याला हात लावावा.