वाचक विचारतात: तोफ तर चालली, पण उष्णता गेली कुठं?

आपल्या अंकात माझी जी अंतराळकथा चालू आहे तिचा मागचा भाग आला अन् तेव्हापासून पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप सगळीकडून प्रश्न येऊनच राहिले, अन् गंमत म्हणजे नायिकेबद्दल कोणी एक अक्षर विचारत नाही, सगळ्यांना तोफाच पाहिजेत. ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ आजपासून दहा-बारा हजार वर्षं पुढचा, माणसं आकाशगंगेच्या आपल्या भागात दूरदूरच्या ताऱ्यांवर पसरलेली, एका ताऱ्याहून दुसऱ्याकडं जायला 'खिंडी' आहेत, इकडून शिरलं की तिकडं निघालं. लढाईत 'किरणभाला' म्हणजे जबरदस्त लेझर तोफ, 'गोटा' म्हणजे भयंकर वेगानं सोडलेला धातूचा गोळा, अन् 'छायानौका' म्हणजे लपून राहणारं जहाज. चला मग.

प्रतापनगरहून इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी: सर, कॅप्टन तीनदा किरणभाला मारते अन् मग ऐन लढाईत जहाजाचे 'पंख' उघडून बसून राहते. एवढं फ्युचरिस्टिक जहाज अन् मधातच असा ब्रेक? मजा गेली नं सगळी.

मजा तिथंच तर आहे भाऊ! थोडं आकड्यात बोलू. समजा किरणभाल्यातून १ गिगावॉटचा झोत निघतो. लेझर काही सगळीच्या सगळी वीज प्रकाशात बदलत नाही, आपण मन मोठं करून अर्धी बदलते असं धरलं तरी दुसरा १ गिगावॉट उष्णता होऊन जहाजाच्या पोटातच राहतो. नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटची युनिटं आहेत, तसल्या एका युनिटाच्या दीडपट, अन् तेही नुसतं वाया जाणारं. आता कोराडीवाले त्यांची नकोशी उष्णता कुठं टाकतात, तर पाणी फिरवतात अन् ते भलेमोठे कूलिंग टॉवर ती हवेत सोडून देतात (त्या पाण्यासाठी आपल्याच शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिकडं जातं, हे किती नागपूरकरांना माहीत आहे कोणास ठाऊक). पण अंतराळात हवा नाही, वारा नाही, नदी नाही. तिथं उष्णता बाहेर काढायचा कायमचा रस्ता एकच, अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या रूपात ती फेकत राहायची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या फोटोत सोलर पॅनेलशिवाय जे पांढरे पॅनेल दिसतात नं, ते ह्याच कामाचे, त्यात अमोनिया फिरवतात.

अन् हे फेकणं फार कंजूस काम आहे. साधारण २७ अंशाला असलेला एक चौरस मीटर पत्रा सेकंदाला जेमतेम ४६० जूल फेकतो. म्हणजे १ गिगावॉट घालवायला दोन चौरस किलोमीटरपेक्षा मोठा पत्रा पाहिजे! पण इथं निसर्गानं एक मेहेरबानी केली आहे, केल्विनमध्ये (म्हणजे आपल्या अंशात २७३ मिळवून) मोजलेलं तापमान दुप्पट केलं की फेक सोळापट होते. म्हणून माझ्या जहाजाचे पंख, म्हणजे उष्णता फेकणारे हेच पत्रे, ७०० अंशाच्या वर तापवलेले असतात, तिथं तेच काम साडेसतरा हजार चौरस मीटरात होतं, दोन्ही बाजूंनी फेकलं तर त्याच्याही निम्म्यात. ते पंख लालभडक दिसतात, नाजूक असतात, अन् एक गोळी लागली की जहाज आतल्या आत शिजणार. म्हणून ते लढताना मिटलेले, उष्णता तोवर टाकीत साठवायची, तीन माऱ्यांत टाकी भरते, मग पंख उघडा नाहीतर मरा. शत्रूला पण हे माहीत आहे, तो चौथ्या माऱ्याचीच वाट पाहून राहिला. ज्या कथांत जहाज तासभर धडाधड किरण मारतं अन् कोणाला घाम येत नाही, त्या वाचताना माझं तरी लक्ष लागत नाही बाप्पा.

नंदनवनहून एक काकू: आमच्या घरी मे महिन्यात कूलरशिवाय जगणं नाही. तुमच्या जहाजावर पाणी मारून थंड का करत नाहीत?

काकू, ह्या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचाच! लोकांना वाटते कूलर म्हणजे हवा पाहिजे, पण थंडावा येतो पाण्याची वाफ होताना, अन् निर्वात पोकळीत तर पाणी आणखीच जोरात उडते. अंतराळवीर यानाबाहेर पडतात तेव्हा त्यांच्या सूटमध्ये हेच असतं, थोडं पाणी बाहेर सोडतात, त्याचं बर्फ होतं, बर्फाची थेट वाफ होऊन उडून जाते अन् जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते. म्हणजे कूलरच, फक्त गवताच्या ताट्या नाहीत.

भानगड अशी की गेलेलं पाणी परत येत नाही. एक लिटर पाणी वाफ होताना २२-२३ लाख जूल नेते, तर आपल्या १ गिगावॉटला सेकंदाला चारशे लिटरच्या वर पाणी लागेल, उन्हाळ्यात वस्तीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर पंचवीस सेकंदाच्या आत खलास. तरी पण जीव वाचवायला पंचवीस सेकंद कमी नसतात. पुढच्या भागात एक कॅप्टन जहाजावरचं सगळं पिण्याचं पाणी असंच उडवते अन् मग तिच्या लोकांनी तिच्याशी काय केलं ते वाचाच.

सदरहून एक वाचक: छायानौका दिसत नाही म्हणजे तिच्यावर काळा रंग दिलेला असतो का?

रंगानं काय होणार, वीस अंशाचं उबदार जहाज अवरक्त कॅमेऱ्यात चमकतेच, मागचं आकाश उणे २७० अंशाचं. जेम्स वेब दुर्बिणीला पाच पदरी छत्री लावून तिचे आरसे उणे २२० च्या खाली ठेवले आहेत ते ह्याचसाठी, नाहीतर तिच्या स्वतःच्याच उष्णतेत दूरच्या आकाशगंगा बुडून गेल्या असत्या. माझी छायानौका बाहेरची कातडी तशीच थंड ठेवते अन् आतली उष्णता बर्फाच्या मोठ्या साठ्यात मुरवते. बर्फ वितळून पाणी तापलं की लपणं संपलं. काही तास मिळतात, बस. इंजिन चालू केलं तर तेही नाही.

इतवारीतले एक काका: सिनेमात लेझर लाल-हिरवा दिसतो अन् 'प्यूं' आवाज येतो. तुमच्या कथेत काहीच दिसत नाही. अन् किरणभाला मंगळावरून पृथ्वी जाळू शकतो का?

काका, आवाजाला हवा लागते, अन् किरण बाजूनं दिसायला धूळ नाहीतर धूर लागतो. पोकळीत झोत तुमच्या नाकासमोरून गेला तरी कळणार नाही.

जाळण्याचं म्हणाल तर इथं लेझरची अब्रू जाते. लोकांचा समज असा की लेझर सरळ जातो तो जातोच, पण कुठलाही झोत पसरतो. अपोलो ११ वाल्यांनी १९६९ मध्ये चंद्रावर आरसे ठेवले, त्यावर आजही पृथ्वीवरून लेझर मारून अंतर मोजतात, तो झोत तिथं पोचेस्तोवर काही किलोमीटर रुंद झालेला असतो. त्यात आपल्या वातावरणाचा पण हात आहे, पण वातावरण काढून टाकलं तरी सुटका नाही. एक मीटरचा आरसा अन् अवरक्त लेझर घेतला तर चंद्राच्या अंतरावर ठिपका साधारण एक किलोमीटरचा होतो. त्यात १ गिगावॉट वाटून टाका, दर चौरस मीटरला चौदाशे वॉटच्या आसपास येते. म्हणजे अंतराळात जे ऊन पडते तेवढंच! एवढी मोठी तोफ मारली अन् समोरच्याला फक्त ऊन लागलं. आरसा दहा मीटरचा केला तर शंभरपट तीव्र होते, म्हणून माझ्या जहाजांवर आरसेच आरसे आहेत, अन् लढाया काही हजार किलोमीटरच्या आत होतात. मंगळ जवळात जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर, प्रकाशालाच तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात समोरचा चहा पिऊन जागा बदलते.

खामल्याहून एक वाचक: गोट्यात बारूद नाही, अणुबॉम्ब नाही, नुसता किलोभर धातू. त्यानं शहर कसं उडते? हे काही पटलं नाही.

लोणारला जाऊन या. जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, काळ्या बेसाल्ट खडकात, अन् पाडला कोणी तर आकाशातून आलेल्या एका धोंड्यानं, त्यात कुठं बारूद होता? २७ मार्च २०१९ ला भारतानं मिशन शक्तीत स्वतःचाच उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर फोडला, तोही नुसत्या धडकेनं. वेग पुरेसा असला की धडकच स्फोट असते.

गोट्याचा वेग मी प्रकाशाच्या दहा टक्के धरला आहे, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर. ह्या वेगानं एक किलो धातू घेऊन येतो ती ऊर्जा सुमारे १०८ किलोटन टीएनटी स्फोटकाएवढी, हिरोशिमाच्या बॉम्बच्या सातपट. हे झालं सोपं. अवघड हे आहे की त्याला तो वेग द्यायचा कसा. अमेरिकेच्या नौदलानं वर्षानुवर्षं रेलगनवर, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेवर काम केलं, गोळा सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास गेला, अन् २०२१ मध्ये प्रकल्प गुंडाळला. आपल्याला त्याच्या बारा हजारपट वेग पाहिजे! नळीत गोट्यावर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा लाखपट जोर लावला, अन् तो चिरडला नाही असं धरलं, तरी नळी ४५ हजार किलोमीटर लांब पाहिजे, पृथ्वीच्या घेरापेक्षा जास्त. म्हणून माझ्या कथेत गोटा जहाजावरून सुटतच नाही. अंतराळात तरंगणाऱ्या चुंबकी कड्यांची रांग आहे, प्रत्येक कडं जाता जाता एक ढकल देते. एक कडं इंचभर सरकलं तर नेम गेला, अन् रांग फिरवायला महिने लागतात, त्यामुळं गोटे फक्त ग्रहांवर अन् तळांवर मारता येतात, पळत्या जहाजावर नाही. शिवाय १०८ किलोटनची ऊर्जा आत घालताना थोडी जरी वाया गेली तरी कडी तापतात, तर पुन्हा आपले पंख आलेच.

अन् नेम चुकला तर? तो गोटा परत येत नाही. आपल्या भागातून आकाशगंगा सोडून जायला सेकंदाला साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो, गोटा तर त्याच्या पन्नासपटीहून जास्त. कोणाला लागला नाही तर आकाशगंगेच्या बाहेर.

सीताबर्डीहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी: एवढं मोठं अंतराळ मोकळं असताना सगळ्या लढाया ग्रहांजवळच का?

कारण रिकाम्या जागेसाठी कोण मरते? अन् वर असण्याचा फायदा. तुझ्या खोलीपासून सीताबर्डीचा किल्ला किती लांब असेल, त्या दोन टेकड्यांसाठीच नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांचं अन् इंग्रजांचं सैन्य भिडलं होतं. ग्रहाचं पण तसंच, खालून वर यायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग कमवावा लागते, वरून खाली येणाऱ्याला तो फुकट मिळते. फक्त एक लक्षात ठेव, कक्षेतून वस्तू नुसती हातातून सोडली तर पडत नाही, सोबतच फिरत बसते, तिचा वेग मोडावा लागतो. विरळ हवा तो हळूहळू मोडतेच म्हणा. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आपल्याकडं आकाशात जळत्या रेषा दिसल्या अन् चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, चिनी रॉकेटचा तुकडा असं सांगण्यात आलं, ते असंच आलं होतं.

महालातून एक शिक्षक: बाकी सगळीकडं हिशोब मांडता अन् खिंडीच्या वेळी, प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही म्हणणाऱ्या आइनस्टाइनला सरळ दाराबाहेर उभं करता. हे चालते?

सर, तेवढं एक खोटं मला माफ पाहिजे. नासाचं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटरनं चाललं आहे, त्या वेगानं सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं, ४.२४ प्रकाशवर्षं अंतर कापायलाच ७५ हजार वर्षं लागतील, अन् आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद. खिंड नसली तर कथाच नाही. मेक्सिकोचे अल्क्युबिएरे ह्यांनी १९९४ मध्ये अवकाशच वाकवून पुढं जायचं गणित मांडलं, पण त्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा लागते अन् ती कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून मी तसं काही समजावतच नाही. खिंड आहे, बस. पण तिला नियम लावले आहेत, खिंडीचं दुसरं टोक साध्या जहाजानं, प्रकाशापेक्षा हळूच, ओढत न्यावं लागते, अन् तोंड एवढं अरुंद की एका वेळी एकच जहाज निघते, ते पण पंख मिटून. एक थाप मारायची, बाकी सगळं चोख ठेवायचं, असं मी धरलं आहे. सारख्या थापा मारल्या तर तुमच्यासारखे वाचक सोडतील का?

त्रिमूर्तीनगरहून, आठवीतला वाचक: काका, प्रतिद्रव्याचा बॉम्ब का नाही ठेवला? अन् मला विज्ञान प्रदर्शनात गोट्याची तोफ ठेवायची आहे, जमेल का?

प्रतिद्रव्य म्हणजे साध्या द्रव्याचं उलटं भावंड, दोघं भेटले की दोघंही नष्ट अन् नुसती ऊर्जा उरते. भारीच आहे, एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटलं की ४३ किलोटन. पण ते भांड्यात ठेवता येत नाही, भांडंच उडते. चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावं लागते अन् लाइट गेली की जहाज पण गेलं. असल्या जहाजावर कोण नोकरी करणार?

तोफ मात्र जमते. खाचेची लाकडी पट्टी घे, तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं तीन-चार जोरदार चुंबक टेपनं पक्के चिकटव, प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला दोन-दोन स्टीलच्या गोळ्या लाव. मागून एक गोळी हळूच सोड. ती चुंबकाकडं ओढली जाऊन धडकते, पुढची गोळी सुटते, ती पुढच्या चुंबकावर, असं करत शेवटची चांगलीच जोरात निघते. माझ्या कड्यांच्या रांगेचं हे लहान भावंडच. प्रत्येक टप्प्यावर वेग किती वाढला ते मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मोज अन् तक्ता लाव, परीक्षकांना तक्ता आवडते. समोर थर्माकोल उभा कर, माणूस नको, डोळ्यावर चष्मा लाव, अन् ते चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नको, दोन गिळले तर पोटात एकमेकांना चिकटतात अन् थेट ऑपरेशन करावं लागते.