घोड्यांचे ‘सावत्र’ भाऊ

प्रश्न असा आहे: रेसच्या इंग्रजी बातम्यांत ‘गॅलिलिओ’ आणि ‘सी द स्टार्स’ हे हाफ-ब्रदर्स असल्याचं लिहितात. मराठीत ‘सावत्र भाऊ’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘फ्रँकेल’ व ‘नॅथॅनियल’ हे दोघंही गॅलिलिओचेच बछडे, मग त्यांना कुणी हाफ-ब्रदर्स का म्हणत नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की पहिल्याचं आपोआप कळतं. रेसच्या घोड्यांत भावंडपण आईवरून ठरतं. आई एक, बाप वेगळे, तर हाफ-ब्रदर. बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर नातंच धरत नाहीत. ‘दोघंही गॅलिलिओचे’ एवढं म्हणतात आणि पुढे जातात. या हिशेबानं राम आणि भरत एकमेकांचे कुणीच नव्हेत. कर्ण आणि अर्जुन मात्र पक्के हाफ-ब्रदर्स.

असं का, ते स्टड फार्मच्या कारभारात आहे. घोडी अकरा महिने गाभण असते, वर्षाला एक शिंगरू देते, आणि पोटात जुळी राहिली तर तो आनंदाचा नव्हे, काळजीचा विषय असतो. उलट नावाजलेला घोडा एका हंगामात शंभर-दीडशे घोड्या फळवतो. गॅलिलिओ ब्रिटन-आयर्लंडमध्ये बारा वेळा अव्वल सायर, म्हणजे बाप घोडा, ठरला; त्याची सगळी पोरं भाऊ-बहीण म्हणायची ठरवली तर निम्म्या रेसकार्डात भाऊबंदकीच दिसेल. एका घोडीची पोरं मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतात, म्हणून त्या नात्याला किंमत. १७९१ साली वेदरबी यांनी काढलेल्या जनरल स्टड बुकाची, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या वंशावळींच्या नोंदवहीची, मांडणीही घोड्यांच्या नव्हे, घोड्यांच्या आयांच्या नावांनी आहे: घोडीचं नाव, खाली तिची साल-दर-साल पोरं.

मोठेपणा बापाच्या नावावर आणि नातं आईच्या, हा या खेळातला विरोधाभास मला फार आवडतो. गावगप्पांत सगळे डार्ली अरेबियन आणि एक्लिप्स या जुन्या नामांकित घोड्यांचे वंशज मिरवतात. लिलावाच्या कॅटलॉगात मात्र पानभर मजकूर असतो तो आई, आजी आणि पणजीचा.

आता ‘सावत्र’. सवत म्हणजे संस्कृतातली सपत्नी, आणि सवतीच्या पोरांचं नातं ते सापत्न. म्हणजे बाप एक, आया दोन. आज आपण सावत्र बापही म्हणतो, अर्थ सैलावला आहे हे खरं. पण ‘सावत्र भाऊ’ म्हटलं की सामान्य वाचक आधी दोन आयाच डोळ्यांपुढे आणतो. रेसवाले जे नातं मोजतच नाहीत, नेमकं तेच आपण छापून बसतो. तेव्हा, चालू नये.

‘सहोदर’ जवळचा आहे. एका उदरातले, बापाबद्दल शब्द गप्प. पण सख्ख्यालाही तो लागू पडतो, आणि रेसच्या बातमीत जरा पोथीतला वाटतो. माझी शिफारस साध्या ‘पोटचा’ची आहे. १९९३ ची आर्क ही पॅरिसची मोठी रेस जिंकणारी अर्बन सी ही घोडी घ्या: ‘गॅलिलिओ हा सॅडलर्स वेल्सचा, अर्बन सीच्या पोटचा, सी द स्टार्स हा केप क्रॉसचा, त्याच घोडीच्या पोटचा’. झालं. इंग्रजीतलं बापासाठीचं ‘बाय’ आणि आईसाठीचं ‘आउट ऑफ’ दोन्ही यात बसतं, खुलासा लागत नाही. (थोरल्यानं २००१ ची एप्सम डर्बी मारली, धाकट्यानं २००९ ची. घोडीच्या पोटाची किंमत ती ही.) शिवाय थरोब्रेड या रेसच्या घोड्यांच्या जातीच्या नोंदणीत कृत्रिम रेतन चालत नाही आणि दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ वाढवणंही नाही, त्यामुळे ‘पोटचा’ हा शब्द इथे अक्षरशः खरा असतो.

आई-बाप दोन्ही एक असतील तिथे ‘सख्खा’ आहेच: फ्रँकेल आणि ‘नोबल मिशन’ हे गॅलिलिओचे, ‘काइंड’ या घोडीच्या पोटचे सख्खे भाऊ. नॅथॅनियलची आई निराळी. ऑगस्ट २०१० मध्ये न्यूमार्केटला दोघं आपापली पहिली रेस एकत्रच पळाले, फ्रँकेल अर्ध्या लेंग्थनं (म्हणजे घोड्याच्या निम्म्या लांबीनं) जिंकला, आणि वंशावळीच्या भाषेत ती दोन परक्या घोड्यांची गाठ होती.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेसबुक उघडलंत तर घोड्याच्या नावाखाली ‘सायर – डॅम’ (बाप – आई) अशी जोडी दिसेल. ती मराठीत वाचताना पहिल्या नावाला ‘चा’ आणि दुसऱ्याला ‘च्या पोटचा’ जोडायचं, घोडी असेल तर ‘ची’ आणि ‘च्या पोटची’. तबेल्यात मात्र ‘हाफ ब्रदर’ हेच चालतं. तिथल्या माणसांना मराठी शब्द शिकवायला जाऊ नये, त्यांना नातं आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

एक गंमत राहिली. फ्रँकेलसाठी पुढे पळून वेग लावून द्यायला ‘बुलेट ट्रेन’ नावाचा घोडा असे. २०१२ च्या ससेक्स स्टेक्समध्ये चारच घोडे होते. बुलेट ट्रेननं रेस ओढली, फ्रँकेल मागून आला आणि सहा लेंग्थनं निघून गेला. बुलेट ट्रेनही काइंडच्याच पोटचा, पण बाप सॅडलर्स वेल्स, म्हणजे गॅलिलिओचाच बाप. आई तीच आणि बापाच्या जागी आजोबा! याला इंग्रजीत थ्री-क्वार्टर ब्रदर म्हणतात. माणसांत हे नातं कुणी तोंडानं काढणार नाही, म्हणून मराठीत तयार शब्द असण्याची शक्यता कमीच. मी ‘पाऊणभाऊ’ लिहितो. त्याहून बरा कुणाला सुचला तर जरूर कळवा.