गडी मेला की मेलाच!

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की दुकानाचं शटर ओढल्यावर रात्री साडेदहा ते बारा मी ‘फायर एम्ब्लेम’ हा व्हिडिओ गेम पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतलाय आणि त्यात मेलेलं पात्र शेवटपर्यंत परत येत नाही. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड निघाला. एकांनी तर ‘औषधं विकणाऱ्या बाईंनी मरणाचे खेळ खेळावेत का?’ असंही विचारलंय. खेळावेत. बाकीच्यांतली पाच पत्रं इथे घेतेय.

प्रश्न : ताई, मी पस्तीस वर्षं कबड्डी खेळलो आणि पोरांना शिकवली. आमच्यात गडी मेला की बाहेर बसतो, समोरचा एक मारला की आपला एक उठतो. तुमच्यात मेलेला उठतच नाही म्हणता. मग खेळ पुढे सरकतो कसा? आणि मुळात हा खेळ आहे तरी कसला? — एक जुना चढाईवाला, मिरज

काका, नमस्कार. बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे आणा. घरं तशीच चौकोनी, पण मधे जंगल, नदी, किल्ल्याची भिंत. आधी आपण आपले सगळे गडी हलवायचे, मग शत्रू त्याचे हलवणार. बुद्धिबळात घोडा प्याद्यावर पडला की प्यादं गेलं. इथे तसं नाही. प्रत्येकाचा जीव किती, ताकद किती, वेग किती याचे आकडे असतात आणि वार लागेल की हुकेल याचाही टक्का आधी दिसतो. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. माझ्या धंद्याला जवळची गोष्ट म्हणजे हत्यारं झिजतात. साधी लोखंडी तलवार ४६ वार टिकते, मग मोडते. जखमेवरचं औषध तीन वेळा पुरतं, दर वेळी दहा गुण भरून येतात. एक्सपायरी मात्र नसते, एवढं सुख.

पहिला ‘फायर एम्ब्लेम’ १९९० साली जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर आला. बनवला इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीने, रचनाकार शोझो कागा. सोंगटीला नाव, चेहरा आणि मागे घरदार द्यायचं, आणि मग ती मेली की मेलीच, ही त्यातली खरी गोम. जपानबाहेर निघालेला पहिला भाग २००३चा, गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा. माझ्या मामेभावाने २००४ साली दुबईहून आणला, तोच मी आजही खेळते. (ज्यांच्याकडे निन्टेंडो स्विच आहे त्यांना तो २०२३पासून ऑनलाइन सदस्यत्वाच्या महागड्या पॅकमध्ये मिळतो.)

पुढे सरकतो कसा, तर वाटेत नवे लोक येऊन मिळत राहतात. त्या भागात चाळीसहून अधिक लढवय्ये आहेत आणि एका लढाईत उतरवता येतात साधारण दहा-बारा. लिन, एलिवुड आणि हेक्टर हे तीन मुख्य. यांतला लढाईत उतरलेला कुणी पडला तर खेळ तिथेच संपतो, तो डाव पुन्हा मांडायचा. बाकीच्यांना ही सवलत नाही. ते मेले तर गोष्ट त्यांच्यावाचून पुढे जाते.

तुमच्या भाषेत सांगायचं तर कबड्डीत लोण चढला तरी सातच्या सात पोरं पुन्हा मैदानात उभी राहतात, नुसते गुण जातात. इथे गुण बिण काही जात नाहीत, पोरगंच जातं. चार चांगले गेले की पाचव्या लढाईला बाकावरच्या पोराला पुढे करावं लागतं, आणि त्याला तोवर आपण एकदाही खेळवलेलं नसतं. प्रशिक्षक म्हणून हे दुखणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : खेळ फसवतो का? ८५ टक्के दाखवत असताना माझ्या केंटचा वार हुकला, उलटा फटका बसून तो मेला. कॉलेजात संभाव्यता शिकतोय, हे पटत नाही. — एक विद्यार्थी, पुणे

फसवतो, पण तुमच्या बाजूने! तुम्ही खेळताय त्या २००३च्या भागात वार लागतो की नाही हे ठरवायला खेळ एक नाही, दोन आकडे काढतो, प्रत्येक ० ते ९९मधला, आणि त्यांची सरासरी धरतो. सरासरी दाखवलेल्या टक्क्याच्या खाली आली तर वार लागला. आता दोन फाशांची बेरीज मधेच जास्त वेळा येते, टोकाला क्वचित, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे ९० दाखवतो तेव्हा वार खरा ९८ टक्क्यांच्या वर लागतो. ८० म्हणजे ९२. उलट शत्रूचा १० टक्के म्हणजे प्रत्यक्षात दोनाच्या आसपास. तुमचे ८५ हे ९५.६५ होते. म्हणजे तेविसातून एकदा घडणारी गोष्ट घडली. कागद घेऊन मांडून बघा, शंभर गुणिले शंभर जोड्या मोजायच्या आहेत फक्त.

पण केंट आकड्यामुळे मेला असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात पुढे एक वाक्य आहे : ‘त्याचा जीव सातच उरला होता, पण एकच शत्रू समोर होता म्हणून पाठवला.’ जीव सात उरलेला माणूस पुढे पाठवायचा तर ‘वार लागेल का’ हा प्रश्नच नाही, ‘नाही लागला तर मागे कोण आहे’ हा आहे. मागे कुणी नव्हतं. एका लढाईत तुम्ही असे पन्नास-साठ वार करता. तेविसातली ती एक वेळ येणारच, फक्त ती आली तेव्हा भरल्या अंगाचा गडी उभा असायला हवा होता.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा. त्याचा मामा अमेरिकेहून स्विच घेऊन आला, त्यावर ‘फायर एम्ब्लेम’चा ‘थ्री हाउसेस’ हा भाग खेळतो. गेल्या रविवारी त्याचा राफाएल मेला म्हणून हुंदके देऊन रडला, रात्री जेवला नाही. ह्यांचं म्हणणं, असला खेळ बंदच करा. काय करू? — एक आई, रत्नागिरी

ताई, राफाएलसाठी उपास धरायचा म्हणजे कमाल झाली! तुम्हाला माहीत नसेल, पण तो पोरगा त्या अख्ख्या मठातला सर्वांत खादाड आहे. आईबाप गेलेले, धाकटी बहीण आहे, तिच्यासाठी राबतो आणि दिसेल ते खातो. २०१९च्या या भागात आपण विद्यार्थ्यांचे गुरुजी असतो. लढाई नसते तेव्हा मठात हिंडायचं, मुलांशी बोलायचं, जेवणघरात त्यांच्यासोबत जेवायचं. तुमच्या चिरंजीवांनी राफाएलला बहुतेक वीसेक वेळा जेवू घातलं असणार. आता तो जेवणघरात दिसणार नाही. मग रडू येईल नाही तर काय?

या खेळात काळ मागे फिरवायची सोयही आहे, पण एका लढाईत मोजक्याच वेळा. ती त्याने आधीच वापरून टाकली असेल. आणि सुरुवातीला खेळ स्वतःहून विचारतो : मेलेले कायमचे जावेत, की लढाई संपल्यावर परत यावेत? आपल्याकडे गल्लीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात, तो बाद झाला तरी बाद नसतो, तशी ही दुसरी सोय. २०१०च्या एका भागापासून ती आली. काही जुने खेळाडू तिला नाकं मुरडतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही. माझी भाची तशीच खेळते आणि माझ्यापेक्षा जास्त मजेत असते. पण तुमच्या मुलाने कच्चा लिंबू व्हायचं नाकारलं होतं, हे ह्यांना जरूर सांगा.

बंद करू नका. ‘अरे खेळच तर आहे’ असं तर मुळीच म्हणू नका, त्याला ते माहीत आहे. त्याला एवढंच विचारा, की राफाएल पडला तेव्हा कोण कुठे उभं होतं? मुलगे रडण्याविषयी बोलत नाहीत, पण पटाविषयी विचारलं की तासभर बोलतात. आणि विचारताना ताटात काहीतरी गरम वाढून ठेवा.

प्रश्न : मार्कस एकटाच सगळ्यांना लोळवत होता, म्हणून त्यालाच पुढे ठेवला. आता पंधराव्या लढाईनंतर पार अडकलोय. — एक वाचक, पणजी

मार्कसने लोळवलं, म्हणून. दर शंभर अनुभवगुणांना एक पातळी चढते आणि ते गुण तुम्ही म्हाताऱ्याच्या ताटात वाढलेत, पोरं उपाशी. मार्कसने अर्धमेलं करावं, शेवटचा घाव लोवेन, रेबेका अशा नवख्या पोरांनी घालावा. आता उशीर झालाय, तरी सोप्या शत्रूंवर त्यांना पुढे करा.

प्रश्न : आवडतं पात्र मेलं की मी लढाई पहिल्यापासून सुरू करते. नवरा म्हणतो, ही लबाडी आहे. तुम्ही काय करता? खरं सांगा. — एक मैत्रीण, नाशिक

खरं सांगायचं तर मला या प्रश्नाची भीतीच होती.

आधी तांत्रिक भाग. गेम बॉयवरच्या भागात प्रत्येक चालीनंतर खेळ आपोआप जतन होतो. यंत्र बंद करून चालू केलं तरी तुम्ही तिथेच असता आणि तोच वार पुन्हा केला तर फासाही तोच पडतो. एक चाल मागे घ्यायची सोय नाही. घ्यायचं तर अख्खी लढाई पहिल्यापासून. म्हणजे तुमच्या लबाडीची किंमत पाऊण तास. ज्या लबाडीला पाऊण तास मोजावा लागतो तिला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता माझी गोष्ट. फ्लोरिना नावाची पंखवाल्या घोड्यावरची मुलगी आहे, लिनची बालमैत्रीण. पुरुषमाणूस समोर आला की घाबरून अर्धी होते, तरी लढायला येते. पंखवाल्यांना बाण वर्मी लागतो, हे या खेळातलं पहिलं पथ्य. धुक्यातली लढाई होती. धुक्यात आपल्या गड्याभोवतीची जेमतेम तीन घरं दिसतात. तिरंदाज पाच घरं चालतो आणि दोन घरांवरून मारतो. बेरीज मला पाठ आहे. मॅथ्यू हा चोर, त्याला धुक्यातलं लांबचं दिसतं, त्याला पुढे पाठवून मग बाकीच्यांनी हलायचं, हेही पाठ आहे. पण तेवढ्यात कुणीतरी शटर वाजवलं. लेकराला ताप होता, पातळ औषध हवं होतं. मी एका हाताने फ्लोरिनाला जंगलाच्या कडेला ठेवलं, चाल संपवली आणि उठले. बाटली दिली, सुटे पैसे मोजले. परत येऊन बघते तर धुक्यातून बाण येऊन गेलेला, आणि पडद्यावर नुसता हिरवा पट.

मी लढाई पहिल्यापासून मांडली. त्या रात्री एक वाजला.

दुसऱ्या वेळी फ्लोरिनाला इतकं जपलं, मागे भिंतीआड ठेवलं, की तिच्या वाटचं दार डोर्कसने धरलं. डोर्कस म्हणजे कुऱ्हाडवाला, कमी बोलणारा. त्याच्या बायकोचा, नॅटलीचा, पाय अधू आहे. तिच्या औषधाला पैसे हवेत म्हणून तो आधी चक्क डाकूंच्या टोळीत शिरलेला असतो. लिन समजावते, तेव्हा आपल्याकडे येतो. बायकोच्या औषधासाठी वणवणणारा नवरा मी दुकानाच्या काउंटरवर रोज बघते, त्यामुळे मला तो खेळातला वाटतच नाही. तर त्या दारात दोन तलवारवाले त्याच्यावर तुटून पडले. तलवार कुऱ्हाडीला भारी. तो पडला.

आणि मी पुढे खेळत राहिले.

घड्याळात एक वाजलाय, सकाळी सातला दुकान उघडायचंय, फ्लोरिना वाचली आहे, दार धरलं गेलंय. मला ते बरोबर वाटलं. बरोबर होतंही, लढाई जिंकली. पण लाडकीसाठी पाऊण तास होता आणि डोर्कससाठी नव्हता, ते आजवर डोक्यातून जात नाही. तुमच्या नवऱ्याला लबाडीच शोधायची असेल तर ती इथे आहे, पुन्हा सुरू करण्यात नाही.

तेव्हापासून मी एक करते. चूक माझी असेल तर लढाई पुन्हा मांडत नाही, मग मेलेलं कुणीही असो. फासा अगदीच उलटा पडला तर एकदा मांडते, एकदाच. गेल्याच आठवड्यात फ्लोरिना पुन्हा गेली. चूक माझी, तिरंदाज दिसत होता. उठून पाणी प्यायले आणि तिच्यावाचून पुढे निघाले. पुढची लढाई पांगळी झाली. नदी ओलांडायला कुणी नव्हतं, पुलावरून एकेकाला न्यावं लागलं, आणि आजवर मी कधीही न खेळवलेला बार्ट्रे त्या पुलावर असा काही उभा राहिला की विचारू नका. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा चेहरा नीट बघितला.

गेलेल्यांची नावं मी लिहून ठेवते. वेगळी वही नाही, दुकानाच्या उधारीच्या वहीची शेवटची पानं. परवा दुकानातला मुलगा महिनाअखेरची उधारी काढत बसला होता. शेवटच्या पानापर्यंत पोचला आणि म्हणाला, ‘मॅडम, हा डोर्कस कोण? याच्यापुढे आकडाच नाही. किती येणं आहे?’