विनोदी भूमिका सोडू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

एकांकिका स्पर्धांत सगळे तुला विनोदी भूमिकेसाठीच बोलावतात, म्हणून यंदा तशी एकही भूमिका घ्यायची नाही असं तू ठरवलंयस. मला ते मुळीच पटलेलं नाही. विनोद टाकून दिला की नट आपोआप गंभीर होत नाही.

दिलीप प्रभावळकरांचं काम बघ, पण अभ्यास म्हणून बघ. दूरदर्शनवरच्या चिमणरावाने ते घराघरांत पोचले, ‘हसवाफसवी’त एकट्याने सहा भूमिका करायचे. दुसरा कोणी त्यावरच आयुष्यभर रमला असता. १९९१ मध्ये मात्र ‘चौकट राजा’तला नंदू आला. लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला, आईच्या आधाराने जगणारा मोठा माणूस.

नंदू किती ठिकाणी हसवतो ते पाहा. प्रभावळकर एकदाही हशा मागत नाहीत. बालमैत्रीण भेटल्याचा आनंद नंदूच्या अंगात मावत नाही आणि आपल्याला हसू येतं. तिच्या नवऱ्याला तोच आनंद खुपतो, तेव्हा आपलंच हसू आपल्याला टोचतं. नटाने मध्ये काहीच बदललेलं नसतं. नंदूला त्या क्षणी जे हवंय, तेवढंच तो करत असतो. आणि हेच प्रभावळकर जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात मतिमंद मुलाचे वडीलही होते! एकच दुःख त्यांनी दोन्ही बाजूंनी जगून पाहिलं. अशी तयारी फार थोड्यांची असते.

दोन वर्षांनी ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. मेल्यावर त्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, त्यामुळे माणूस म्हणून तो पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, तरी अख्ख्या पिढीला पाठ आहे.

मग २००६ मधले ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी. हे काम आणि ‘शेवरी’ मिळून त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा विनोदी, आजूबाजूला धमाल चाललेली, आणि हे स्वस्थ. महात्मेपण कुठे मिरवत नाहीत. टायमिंग फक्त हशासाठी असतं असं तू समजतोस ना? मग त्या प्रसंगांतले त्यांचे पॉज कान देऊन ऐक.

मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे ‘नारबाची वाडी’तला म्हातारा नारबा. जमीनदार त्याला महिन्याला पैसे देतो. बोली अशी, की नारबा मेला की वाडी जमीनदाराची. आणि हा काही मरत नाही! आपण पोट धरून हसतो, पण हसण्याचं कारण काय, तर एका माणसाच्या मरणाची वाट बघणं. तिथे विनोद आणि करुणा वेगळे काढून दाखव बरं. वयाच्या ऐंशीनंतर ‘दशावतार’ सिनेमातला बाबुली मेस्त्री त्यांना झेपला, त्यामागे ही सगळी वाटचाल आहे.

तेव्हा यंदा तुला देऊ केलेली ती विसराळू सासऱ्याची भूमिका घे. पहिले आठ दिवस तालमीत कुणी हसणारच नाही असं धरून वाक्यं म्हण. त्या सासऱ्याला भीती कशाची वाटते ते शोध. नाव विसरल्यावर तो सुनेकडे बघतो की जमिनीकडे? चष्मा शोधताना हात आधी कुठे जातो, कपाळावर की खिशात? हे ठरल्यावर मग दिग्दर्शकाशी हशाच्या जागांबद्दल बोल.

तालमी रंगात आल्या की कळव. एक संध्याकाळ येऊन मागे बसेन.

तुझा,
सर