हिंदीच्या सहवासात मराठी अडखळते का?

प्रश्न : माझे शिक्षण नागपुरात मराठी माध्यमातून झाले. इतवारीत नोकरीला लागल्यापासून दिवसभर हिंदीच कानावर पडते. हल्ली मराठी बोलताना साधे शब्द ऐन वेळी आठवत नाहीत आणि लांब वाक्य पुन्हा वाचावे लागते. मी मातृभाषा विसरत चाललो आहे काय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : विसरत नाही आहात, पण हा निव्वळ भासही नव्हे. द्विभाषिकाच्या मनात एक भाषा चालू असताना दुसरीही जागी असते आणि तिचा परिणाम मातृभाषेवरही होतो. तो वाक्याच्या आकलनापर्यंत पोचतो, हे विशेष. ‘नटीच्या मोलकरणीवर कोणीतरी गोळी झाडली, जी गच्चीत उभी होती’, यात गच्चीत कोण होते? अशा संदिग्ध वाक्यात स्पॅनिश भाषक बहुधा मोलकरीण समजतात, तर इंग्रजी भाषकांचा कल नटीकडे असतो. दुसियास आणि सगारा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचताना होणारी डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा इंग्रजीचा दीर्घ सहवास लाभलेले स्पॅनिश भाषक स्पॅनिश वाक्याचाही अर्थ इंग्रजी वळणाने लावत असल्याचे दिसले. ज्यांचा असा सहवास बेताचा होता, ते मात्र स्पॅनिश वळणावरच कायम होते. इंग्रजीकडे झुकलेल्यांचेही व्याकरण हरवले नव्हते, वाचनाची सवय तेवढी वळली होती.

हा निष्कर्ष मराठी-हिंदीला जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल, कारण दोन्ही भाषांत क्रियापद सहसा शेवटी येते आणि वाक्याची ठेवण बरीच सारखी आहे; स्पॅनिश-इंग्रजीसारखा वळणांचा फरक इथे असेलच असे नाही. (आपल्याकडचे ‘तो जेवून राहिला’ हिंदीच्या ‘खा रहा है’ या वळणाचेच आहे, आणि ते बोलणाऱ्याला मराठी येत नाही असे कोणी म्हणणार नाही.)

शब्द न आठवण्याविषयी लिंक, क्रोल आणि संडरमन यांचा २००९ चा अभ्यास पाहावा. स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना, एखाद्या गटातले शब्द भराभर सांगायला लावले असता, स्वतःच्या इंग्रजीतले शब्द मायदेशी वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा कमी सुचले. परतल्यावर काही महिन्यांनी ही उणीव भरून निघाली. तुमचा अनुभव याच जातीचा वाटतो. त्यासाठी हिंदी टाळण्याचे कारण नाही. रोज काही वेळ मराठीतच सलग वाचावे आणि अडलेल्या शब्दाच्या जागी लगेच हिंदी शब्द न घालता क्षणभर थांबावे.