स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २०१७मध्ये घेतलेला लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला सहा-सात मिनिटे लागतात. त्यात दुकानाच्या हिशेबाची टॅली आहे आणि वडिलांनी वर्षानुवर्षे श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात टाइप केलेले लेख आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, यात आता काही राम नाही, नवाच घ्या. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, बसवून उपयोग होईल का, घरी जमेल का, आणि यातले काही जाणार तर नाही ना, हे तुम्ही विचारले आहे.

उपयोग नक्की होईल. घरीही जमेल, पाच-सहा स्क्रू आणि तासाभराची शांत बैठक एवढेच ते काम आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण डिस्क बदलताना माणसे स्क्रूची काळजी करतात आणि डेटा गृहीत धरतात.

आधी लॅपटॉप इतका रखडतो का ते सांगतो, म्हणजे पैसे कशाला घालतोय ते कळेल. तुमची डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असणार. म्हणजे आतली तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे ही डिस्क सेकंदाला साठ-सत्तरच उचलू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात, त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट त्याच रांगेत घुसतात. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असेल. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, असे तुकडे ती सेकंदाला हजारोंनी देते. म्हणून जुन्या मशीनलाही तिचा एवढा फरक पडतो. ४ जीबी रॅम मात्र आज अपुरी आहे. झाकण उघडणारच आहात तर रॅमची ४ जीबीची आणखी एक पट्टी टाका, बहुतेक डीडीआर४ जातीची लागेल. मोकळा स्लॉट आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली दिसते.

आता डेटा. २०१४ची गोष्ट आहे. मावशीच्या लॅपटॉपची डिस्क कुरकुरत होती, ती बदलायला मी घेतली. जुनी ५०० जीबीची, नवीही ५०० जीबीचीच. पेन ड्राइव्हवरून क्लोनिंगचा, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवण्याचा, प्रोग्रॅम चालू केला. त्याने दोन डिस्का एकाखाली एक दाखवल्या, मी वरची जुनी समजलो आणि 'पुढे' दाबले. पंधरा-वीस मिनिटांनी सहज लक्ष गेले, तर नव्या डिस्कवर काही लिहिले जातच नव्हते. ती नुसती वाचली जात होती आणि तिच्यातले रिकामेपण मावशीच्या डिस्कवर उतरत होते. काका त्याच वर्षी गेले होते. त्यांचे शेवटच्या दोन-तीन वर्षांतले फोटो त्या डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. काही नातेवाइकांच्या फोनमधून परत मिळाले, बाकीचे नाहीत. मावशी मला एक शब्दही बोलली नाही. त्या दिवसापासून वेगळी प्रत झाल्याशिवाय मी कुणाच्याही मशीनला हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका अशी कळकळीची विनंती आहे.

म्हणून पहिले काम: एक बाहेरची डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि वडिलांचे लेख, टॅलीचा डेटा, फोटो, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स त्यावर साध्या कॉपी-पेस्टने उतरवा. मग ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून चार फायली प्रत्यक्ष उघडून बघा. त्याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत पाहा. पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसले, विशेषतः 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल, तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असे समजा. मग क्लोनिंगच्या नादी लागू नका. महत्त्वाचे आधी, मोठे नंतर, अशा क्रमाने फायली काढून घ्या.

वडिलांच्या लेखांबद्दल खास सांगतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फाँटांत टाइप केलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, त्यांना मराठी रूप तो फाँट देतो. फाइल जशीच्या तशी नव्या विंडोजवर नेली आणि फाँट नेला नाही, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो, आणि माणूस धास्तावून फाइल खराब झाली म्हणून काढून टाकतो. तसे करू नका. सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फाँट्सचा फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. शक्य असेल तर आज जुन्या मशीनवरच प्रत्येक लेखाची पीडीएफ काढा. फाँट पुढेमागे हरवला तरी लेख वाचता येतील. सवडीने ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यायचे कामही हाती घ्या.

टॅलीचे वेगळे आहे. तिचे लायसन्स त्या मशीनशी बांधलेले असते, डिस्क बदलल्यावर ती पुन्हा ते मागू शकते. म्हणून बदलण्याआधी टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि इंटरनेट चालू असताना लायसन्स 'सरेंडर' करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. नव्या डिस्कवर ते परत चालू करता येते. टॅली आयडी आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. मार्चअखेरीस किंवा जीएसटी रिटर्नच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

आणखी एक गोष्ट सेटिंग्जमध्ये तपासा: बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेले कुलूप, चालू आहे का. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी उतरवून घ्या, नाहीतर नव्या डिस्कवरून सुरू होताना तीच मागितली जाईल. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. बहुतेक लॅपटॉपांत ते मदरबोर्डशी जोडलेले असते, डिस्क बदलून जात नाही.

एसएसडी कोणती? तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये शोधा, त्यात नक्की काय बसते ते चित्रासह असते. अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी हमखास बसते. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते आणि तुमच्या कामाला तेवढे भरपूर आहे. आत एम.२चा, म्हणजे पातळ पट्टीच्या आकाराच्या एसएसडीचा, स्लॉट असला तर मोह होतो, पण एम.२ हा नुसता आकार झाला. त्या काळातले काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही एनव्हीएमई (दुसरी, जास्त वेगाची जोडणी), आणि चुकीची पट्टी बसली तरी दिसतच नाही. मॅन्युअल स्पष्ट सांगत नसेल तर अडीच इंचीच घ्या. ५०० जीबी पुरेल. ती विंडोजमध्ये ४६५ दिसेल, त्यात फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. फसवणूक वेगळी असते: अनोळखी नावाची २ टीबीची एसएसडी हजाराच्या आत मिळत असेल तर आत लहानशी मेमरी आणि खोटा आकडा असतो. पुण्यात तपकीर गल्लीत घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, पण पक्के बिल आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेलीच. सोबत नवी डिस्क बाहेरून लावण्यासाठी यूएसबीला साटा जोडणारी केबलही घ्या, काही शे रुपयांत येते.

एरवी मी नव्याने विंडोज टाकायचा सल्ला देतो, जुना केरकचरा बरोबर येत नाही. तुमच्याकडे मात्र फाँट आहेत, टॅली आहे, प्रिंटर लावलेला आहे, म्हणून क्लोन करा. बऱ्याच एसएसडी कंपन्या त्यासाठी स्वतःचे सॉफ्टवेअर फुकट देतात आणि ते १ टीबीवरून ५०० जीबीवर उतरवू शकते, फक्त वापरलेली जागा त्यात मावली पाहिजे. नवी एसएसडी केबलला जोडून ती केबल निळ्या, म्हणजे वेगवान, यूएसबी पोर्टला लावा. २५० जीबी भरलेली असेल तर दीडेक तास धरा, जुनी डिस्क दमली असेल तर जास्त. चार्जर लावून ठेवा, बॅटरी पूर्ण भरलेली हवी, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी चालेल. 'स्लीप' बंद करा. आणि कोणती डिस्क 'सोर्स' (जिची नक्कल करायची ती), कोणती 'टार्गेट' (जिच्यावर उतरवायची ती), हे नावावरून ठरवू नका, किती जागा भरली आहे त्या आकड्यावरून ठरवा. मी दोन्ही डिस्कांवर कागदाची चिठ्ठी चिकटवतो आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला पडद्यावरचे मोठ्याने वाचायला सांगतो, मगच बटण दाबतो.

आता उघडायचे. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. पीएच० मापाचा बारीक फुलीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. मोठा वापरला तर स्क्रूचे डोके झिजते आणि मग तो निघत नाही. एका थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टोचत जा. दिसायला सगळे सारखे असतात, पण लांबी वेगळी असते. ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा गेला तर कीबोर्डच्या बाजूने उंचवटा येतो. स्क्रू संपले तरी झाकण निघेना तर जोर लावू नका, मागच्या रबरी पायांखाली नाहीतर डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर त्या खाचेत एखाद-दोन लपलेले असतात. मग जुने एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवा, टक् टक् आवाज करत खाचा सुटतात. काही मॉडेलांत झाकण कीबोर्डच्या बाजूने निघते, त्याला पातळ पट्टीसारखी केबल असते. ती ओढायची नाही. तिच्या सॉकेटवर बारीक काळी झडप असते, ती नखाने उभी करायची, पट्टी आपोआप सैल होते.

आत शिरल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. जुनी डिस्क धातूच्या चौकटीत चार स्क्रूंवर असते. ती वर उचलू नका, सॉकेटपासून आडवी सरकवा. तीच चौकट एसएसडीला लावा. एसएसडी हातात घेतल्यावर आत काही आहे की नाही अशी शंका येईल इतकी हलकी असते. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड असेल आणि ही ७ मिमी, पण चौकटीचे स्क्रू लागले की ती हलत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना 'बूट डिव्हाइस' (जिच्यावरून विंडोज सुरू होते ती डिस्क) सापडत नाही असे आले तर घाबरू नका, दहापैकी आठ वेळा सॉकेटमध्ये ती पूर्ण बसलेली नसते. काढून पुन्हा बसवा. तरी नाही तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, तिचे नाव दिसते का बघा आणि बूटचा क्रम बदला. सुरू झाल्यावर वडिलांचा एक लेख उघडा, टॅली उघडा, मागच्या महिन्याचा ताळा जुळतो का बघा.

विंडोजबद्दल एक खरे सांगितले पाहिजे. सातव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. एसएसडीने हा प्रश्न सुटत नाही. विंडोज अपडेटच्या पानावर मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेट्सची नोंदणी दिसत असेल तर ती करा. तरीही माझ्या मते आज नव्या लॅपटॉपचे पैसे घालण्यापेक्षा हा खर्च करून निवांतपणे नवा निवडायला वेळ मिळवणे शहाणपणाचे आहे. ही एसएसडी त्यातही वाया जात नाही, निदान बाहेरची डिस्क म्हणून कामी येतेच.

हो, आणि एसएसडीवरून पुसलेली फाइल हार्ड डिस्कसारखी परत काढता येत नाही. विंडोज एसएसडीला 'ही जागा मोकळी झाली' असे लगेच कळवते आणि ती आतून साफ करून टाकते. तेव्हा सुरुवातीला घेतलेली ती वेगळी प्रत दर महिन्याला ताजी करत जा. जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका, केसमध्ये घालून बाहेरची डिस्कही करू नका. तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून महिनाभर कपाटात ठेवा. एक जीएसटी रिटर्न नव्या डिस्कवरून भरून झाले, वडिलांनी एक लेख लिहून तो छापून बघितला, की मग ती वापरायला काढा. मॉडेल क्रमांक इथे टाकलात तर आत एम.२ आहे का आणि लपलेले स्क्रू कुठे आहेत, ते मॅन्युअल बघून आज रात्री सांगतो.