आधी गाव, मग वही

पूर्वजांचा माग काढायला आलेल्या मॉरिशसच्या पाहुण्यांना घेऊन थेट नाशिकच्या रामकुंडावर जाऊ नका. आधी मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून त्यांच्या पणजोबांची गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेला मजूर, म्हणून झालेली नोंद मागवा. त्यात बहुधा बापाचं नाव आणि गाव सापडतं. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, म्हणून गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा.

मग पंचवटीत त्या गावाचे, त्या आडनावाचे तीर्थपुरोहित विचारा; येणाऱ्या घराण्यांची नावं ते पिढ्यान्‌पिढ्या वहीत लिहून ठेवतात. जहाजावर गेलेला वहीत नसेलही, पण मागे राहिलेला भाऊ आईबापाच्या अस्थी घेऊन आलेला असतो. त्यालाच शोधा! जुनी पानं मोडी लिपीत, ती वाचणारा सोबत हवाच. अशाच एका पानावर मी तीन भावांची नावं ओळीने पाहिली. माझं बोट तिथून हलेना.

निघण्याआधी पाहुण्यांची मुलंबाळंही त्याच वहीत लिहवून घ्या.